अकरावं पान

पणजीच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
निविदेच्या अकराव्या पानावर मी अडले:
मोबिलायझेशन, दहा टक्के आगाऊ.
कोशात लामबंदी होती. सैन्याची.
चोडणची मानस दुरुस्त करायला सैन्य कसं पाठवू?
‘जमवाजमव’ लिहिलं, खोडलं;
त्याला लग्नाच्या मांडवाचा वास.

मे महिन्यात खांदा धरला तेव्हा
फिजिओथेरपीवाली पोरगीही हाच शब्द म्हणाली
आणि हात कानापर्यंत नेला.
मी ओरडले. ती म्हणाली, आता सुटेल.

साहेबांना पान हवं चारपर्यंत.

मी सहावीत असताना अवसेच्या भरतीला
खाजनाचा बांध फुटला.
फोंडूकाकाने रॉकेलचा रिकामा डबा बडवला, बस्स.
एस्पेरान्स पावाचं पीठ तसंच टाकून आली,
कोपरापर्यंत पांढरी.
ज्याच्याशी आमचं कोर्टात चाललं होतं
तो शाबलो बाबांच्या पुढ्यात उभा,
कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात,
चिखलाचा गोळा घ्यायला हात पसरून.
बाबांनी दिला. बोलले नाहीत.
खटला नंतर नऊ वर्षं चालला.

त्या रात्रीला नाव नव्हतं.
फोंडूकाका पुढे कधीतरी एवढंच विचारायचा,
‘गांव हाललो मगे?’

साडेतीनला मी लिहिलं:
हालण्यासाठी आगाऊ, दहा टक्के.
साहेबांनी लाल पेनाने गोल काढला,
वर देवनागरीत तोच शब्द लिहिला, मोबिलायझेशन.

ठेकेदार हुबळीचा आहे.
डबा बडवला तर
त्याला ऐकू जाणार नाही.