देल्ती

सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल.
वर निळी ताडपत्री, चौथ्या पायाखाली वीट.
मराठीतलं इंग्रजीत करून देते,
पानाला साठ रुपये, घाई असेल तर नव्वद.

आज तांडापेठेतून कवळाबाई निनावे आल्या.
डोक्यावर ओला पंचा,
पिशवीत कागद, आणि उन्हासाठी एक कांदा.
म्हणाल्या, लिव्हा:
भावानं सई केली तवा
मायनं मागची खोली मले देल्ती.

देल्ती.
आमच्याकडं 'होती' एवढी बारीक होते
की क्रियापदाच्या पदराला गाठ मारून बसते.
आल्ता, गेल्ती, केल्तं.
पुण्याहून बदलून आलेल्या साहेबांना ऐकूही येत नाही.

मी टाइप केलं: गेव्ह.
आणि थांबले.

गेव्ह म्हटलं तर सही आणि देणं
एकाच दुपारचं, एकाच सतरंजीवरचं;
सहीच्या बदल्यात खोली, समोरचा वकील हेच म्हणणार.
हॅड गिव्हन म्हटलं तर खोली कवळाबाईंची होऊन बसलेली,
सही मागाहून आली, चपला काढून दाराशी उभी राहिली.
त्या एवढ्याशा हॅडवर
दहा बाय बाराची खोली, एक मोडका माग
आणि नळाचा अर्धा हक्क.

लांजेवार सर सांगायचे,
रेशनच्या रांगेत एकटाच माणूस असला
तर त्याला पुढचा म्हणत नाहीत.
हॅडला मागं कुणीतरी लागतं.
पण आपण तर नुसतंच म्हणतो, काल बर्डीवर गेल्तो.
मागं ना पुढं कुणी. गेलो, आलो, संपलं.
प्रत्येक 'होती' म्हणजे हॅड नाही.
म्हणून विचारावं लागतं.

मावशी, आधी काय झालं?
सांगतलं ना. देल्ती.
आधी म्हणजे किती आधी?
त्यांनी बोटं मोडली नाहीत, आठवलंही नाही:
मायनं किल्ली माह्या हातात देली,
मंग दोन दिवाळ्या झाल्या, मंग त्यानं सई केली.

दोन दिवाळ्या. हॅड.

व्हाइटनर वाळेपर्यंत फुंकर घालत बसले
तर फुटाळ्याचा कठडा आठवला.
तू विचारलंस, मी नाही ठरवलं,
असंच सांगत आले सगळ्यांना.
दोन साधे भूतकाळ, खांद्याला खांदा लावून,
जणू तुझ्या प्रश्नानंच उत्तर घडवलं.
मी ठरवलं होतं.
तू कणसाला लिंबू चोळत होतास त्याच्या आधी,
बजाजनगरातल्या खोलीचा ॲडव्हान्स दिलास
त्याच्याही आधी.
अकरा वर्षं एक हॅड दाबून ठेवला मी,
आणि व्याकरणात माझी चूक कुणी काढली नाही.

कवळाबाईंनी वाळलेल्या पांढऱ्यावर बोट ठेवलं.
हे कोन्तं?
हे तुमचं 'होती', मावशी.
तुमच्या बोलण्यात आत होतं,
इथं बाहेर काढून लिहावं लागतं.
मंग मोठं लिव्हा.
मोठं होत नाही, म्हटलं, मशीन आहे.

त्यांनी सत्तर रुपये ठेवले,
पंचा बाटलीतल्या पाण्यानं पुन्हा भिजवला,
पिशवीत कांदा चाचपला.
सुटे दहा शोधायला मी ड्रॉवर उपसला,
हाक मारली, तेव्हा
त्यांनी चौक ओलांडला होता.