खाली

गुरुवारी शेवटचे दोन तास माझे.
त्यातला एक बहुतेक वेळा
शिष्यवृत्तीच्या गणिताला जातो.
उरलेल्यात संगीत आणि नाटक,
पोषण आहाराच्या खोलीत,
तांदळाच्या पोत्यांवर बसलेली एकतीस मुलं.
पेटीच्या भात्याला आतून चिकटपट्टी,
आणि उंदरांना आमची अजिबात भीती नाही.

साखर पेठेच्या मागची ही शाळा.
भिंतीपलीकडे कारखाना, टॉवेल आणि चादरी,
खटक खटक, खटक खटक,
माझ्या आधीपासून, माझ्यानंतरही.
सुरुवातीला मी खिडकी लावून घ्यायचो.
मग उन्हाळा आला, सोलापूरचा,
आणि उघडलेली खिडकी उघडीच राहिली.

शिरीषा इराबत्ती, सातवी ब.
घरातच चार माग. आई कांड्या भरते.
तिनं पहिला संवाद म्हटला
तेव्हा पोत्यांमागचा उंदीर प्रथमच पळाला.
मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे,
हे बावीस वर्षं सांगतोय मी मुलांना.
तिचा पाण्याच्या टाकीपर्यंत जात होता.

अडचण तिसऱ्या प्रवेशात.
लेक आईच्या कानात गुपित सांगते.
हळू, मी म्हणालो.
ती ओरडली.
अजून हळू.
ती थांबली, विचार केला, ओरडली.
मग तिनं अगदी मनापासून विचारलं,
"सर, हळू बोललं तर ऐकू कसं येतंय?"
अगं, कुजबुज. माहीत नाही?
"आमच्यात गुसगुस म्हणतात.
शब्द आहे, सर. पण घरी कोण करत नाही."

नाटक बाजूला ठेवलं. तीनताल घेतला.
नवव्या मात्रेला टाळी नाही,
हात नुसता हवेत उघडायचा. ही खाली.
मल्लिनाथ हळकुडे म्हणाला, "म्हणजे चुकली?"
चुकली नाही रे. वाजवायची नाही, पण मोजायची.
शिरीषा आपल्या उघड्या तळव्याकडे
बराच वेळ बघत बसली.
"धागा तुटला की माग थांबतो, सर,
नाना गाठ मारेपर्यंत. ती खाली का?"
माझ्या गुरुजींनी मला हे असं सांगितलं नव्हतं.
आणि सम? मी विचारलं.
"मागाला सम नसते. मीटर असतो."

मग ती वीज जायची वाट बघू लागली.
वीज गेली की गल्लीभर माग बंद, मजुरी बंद,
सगळे कट्ट्यावर येऊन वैतागलेले,
आणि ही आत अंधारात
सुताच्या गठ्ठ्याला गुपित सांगत बसलेली.
आफरीन मोमीननं पाहिलं,
आणि अर्थातच वर्गात सांगितलं.

स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृहात गारवा,
आणि इतकी शांतता
की आमची मुलं विंगेत एकमेकांना बिलगली.
तिसरा प्रवेश.
शिरीषा आई झालेल्या आफरीनच्या कानाशी वाकली.
काहीच ऐकू आलं नाही.
माईकला नाही, विंगेत मलाही नाही.
आफरीनच्या पापण्या हलल्या, तेवढंच.

परीक्षकांचा शेरा : संवाद पोचले नाहीत.
बारा शाळांत आम्ही अकरावे.

सहाव्या रांगेत एक बाई,
दिवसाची मजुरी बुडवून आलेली,
खुर्चीच्या कडेला सरकून
कान पुढे करून बसली होती,
पडदा पडला तरी तशीच.
बाहेर रिक्षापाशी तिनं लेकीला विचारलं,
तेही सवयीनं ओरडून, "एम चेप्पिनव?"
काय सांगितलंस. तेवढं तेलुगू कळतं मला.
शिरीषानं एका एसटीचा हॉर्न संपू दिला,
मग आईच्या कानाशी गेली.
आईनं पदर तोंडाला लावला.
मी विचारलं नाही.

महिनाअखेरीला तासिकेचं बिल भरलं.
तास : चार. शिकवलेला घटक : खाली.
मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर घेतला.
"खाली काय? खाली तर काहीच लिहिलेलं नाही."