धाकटीची खूण

बापाची खूण म्हणजे अर्धा बाण, खाली एक आडवी रेघ.
नावेच्या नाळेवर ती, जाळ्याच्या बुचांवर ती,
पोवुआच्या जुन्या दुकानात उधारीच्या वहीतही तीच.
लिहिता-वाचता न येणाऱ्यांची सही.
थोरल्या सेराफिमनं तिला एक चीर वाढवली,
मधल्या किंतीनूनं दोन.
शेंडेफळाला मात्र खूण जशीच्या तशी मिळते,
आमच्या कोळ्यांत रीतच आहे ती.
शेंडेफळ मी.

सान पेद्रूच्या रात्री बाप सारडिनच्या शेगडीपाशी
अनवाणी उभा राहून कुणाची तरी नक्कल करत होता.
निखारा पायाखाली आला
आणि तो नक्कल करतच राहिला.
वास आधी आईला आला.
वय सदतीस.
इथं याला म्हणतात पिटुकल्या पावलांचा आजार,
जणू रांगत्या बाळाला झालेली सर्दी.

पोर्तूला डॉक्टर एदुआर्दांनी कागदावर
दोन वर्तुळं काढली, एक पेनानं भरलं.
निम्मी शक्यता, म्हणाल्या. नाणेफेक समजा.
मी मान हलवली.
पण नाणं आता हवेत कुठं आहे?
ते बत्तीस वर्षांपूर्वीच पडलं
आणि मी त्याच्यावर पाय ठेवून उभी आहे.
आडात आहे, हे गावाला ठाऊक.
पोहऱ्यात आलंय का, एवढंच.

कशासाठी कळून घ्यायचंय?
तीन भेटींत तीनदा विचारलं त्यांनी.
पहिल्यांदा म्हटलं, मुलीसाठी.
त्यांनी लिहून घेतलं. सगळेच हे म्हणत असावेत.
दुसऱ्यांदा म्हटलं, गोळी आहे ना आता,
सेराफिम घेतो, त्याची बोटं अजून गाठ मारतात.
हे खरं होतं.
तरी घरी येताना मेट्रोत वाटलं,
खोटं बोलून आले.

किंतीनू फ्रान्सला विटा रचतो.
फोनवर म्हणाला, मला सांगू नकोस.
तुझं कळलं की मला माझं विचारावंसं वाटेल.
मग बराच वेळ नुसता
सिमेंट कालवायच्या यंत्राचा आवाज.

तिसऱ्या भेटीत तोंडातून भलतंच निघालं.
म्हटलं, बाई, मी अंघोळीचं पाणी हातानं बघत नाही.
नऊ वर्षं झाली.
आधी उजवा पाय, मग डावा,
करंगळीपासून एकेक बोट.
चटका बसला की हसते, न्हाणीत, एकटीच.
जाळं सांधताना सुई टाचेला टोचून पाहते,
नवऱ्याला वाटतं खाज सुटते हिला.
चाचणी तर मी रोजच करते, बाई.
एकदाच करून मोकळी झाले तर?

त्यांनी पेन खाली ठेवलं.
मोकळ्या व्हाल असं नाही, म्हणाल्या.
फार तर पाण्याला विचारणं थांबेल.

नर्सनं विचारलं, कुठला हात?
मला हसू फुटलं,
एवढं सगळं पायांचं बोलून झाल्यावर.
डावा दिला.

निकाल टपालानं येत नाही.
आपण जायचं, खुर्चीत बसायचं, मग पाकीट फुटतं.
आणि दारातूनच मागे फिरलं
तरी कुणी बोल लावत नाही, असंही सांगितलंय.
ते वाक्य मी दिवसातून एकदा तरी
जिभेवर घोळवते, खडीसाखरेसारखं.

तारीख फ्रिजवर लावली आहे.
मुलीनं तिच्या कोपऱ्यात पेन्सिलनं
अर्धा बाण काढला, खाली आडवी रेघ.
ती एकुलती, म्हणजे थोरली तीच, धाकटीही तीच.
विचारत होती, चीर वाढवू का?

बघू, म्हटलं.
आधी अंघोळ.
तिच्या अंघोळीचं पाणी मी
कोपर बुडवून पाहिलं.