फिरतं स्टूल

कुताईसीत हिवाळ्यात पाचलाच दिवे लागतात.
नुत्सा येते, वय सहा,
बुटांना रिओनीकाठचा चिखल.
स्टूल तेरा फेरे वर.
पाय तरी अधांतरीच,
ठेका तेच धरतात, हात मागून येतात.
मी मोजते: एर्ती, ओरी, सामी.
ती विचारते, चार कुठे गेला?
अगं, या नाचात तीनच पावलं.

मग बाग्रात. चाळीस वर्षं बस चालवली.
स्टूल कुरकुरत तेरा फेरे खाली.
मधलं बोट वाकत नाही त्याचं;
त्या सुरापाशी येतो आणि थांबतो,
जणू कुणी चढायचं राहिलंय.
आधी मी टोकायची.
आता मीही थांबते.
खरं सांगू, तिथे ती धून जरा बरीच होते.

फी म्हणून अक्रोड ठेवून जातो झाकणावर.
त्यातले दोन किडके, नेहमीच.

रात्री मी त्याच्याच उंचीवर बसते,
फिरवायचा कंटाळा.
हनुवटी जवळजवळ पट्ट्यांना टेकते,
आणि दिसतो तो एक ‘ला’,
दाबला की वर न येणारा.
नखानं उचलते.

उद्या पहिली नुत्सा.
स्टूल आत्ताच वर करून ठेवू?
नको.
तिला त्यावर बसूनच
गरगरत वर जायचं असतं.