मानस

खाजन शेताच्या बांधाला एक लाकडी दार असतं.
भरतीला पाण्याच्या रेट्यानंच मिटतं,
ओहोटीला आपसूक उघडतं.
चोडणात त्याला मानस म्हणतात.
बाबा त्या दाराचे राखणदार.
रात्री कंदील घेऊन बांधावर वाकून चालायचे,
लाटांकडे बघायचेसुद्धा नाहीत.
"दर्या दार फोडून येना, बाय.
कुर्लीच्या बुराकांतल्यान येता."

हे मला कळायला लग्नानंतर एकोणीस वर्षं लागली.

वैकुंठनं कधी हात उगारला नाही.
आवाजही नाही.
देवळात तो पेटीवर बसला की बायका म्हणत,
शालन, नशीब काढलंस गो.
पाहुणे असले की ताटं तोच उचलायचा,
माझ्या हुमणाचं कौतुक करायचा,
आणि पाहुणे फेरीला लागले की
तिरफळं चार जास्त पडली म्हणून
अकरा दिवस गप्प.
विचारलं तर हसून: "मी काही बोललो का?"
खरंच.
काहीच बोलला नव्हता.

मी मुख्याध्यापिका झाले त्या दिवशी त्याचं डोकं दुखत होतं.
दिवा मालवून मी कपाळावर सुंठ उगाळून लावली.
पेढ्यांचा खोका तसाच राहिला,
तिसऱ्या दिवशी मुंग्यांसकट मागीलदारी टाकला.
पुढे कधीतरी चारचौघांत म्हणाला,
"हिनं मला घरात पेढासुद्धा दिला नाही."
सगळे हसले. मीही.
घरी येऊन माफी मागितली.

शेजारची एर्मेलिंडा शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली,
"तू चपला हातात घेऊन घरात शिरतेस.
कोण निजलंय आत?"
मी माझ्या पायांकडे पाहिलं.
कोणीच निजलं नव्हतं.

त्या रात्रीपासून
ज्या दिवशी माफी मागितली त्या तारखेखाली
कॅलेंडरवर पेन्सिलीचा एक ठिपका.
कशाबद्दल, तेही लिहायचं ठरवलं होतं,
बहुतेक वेळा आठवायचंच नाही.
महिनाअखेर मोजले: तेवीस.
मी गणित शिकवते. पुन्हा मोजले.
तेवीसच.
बांध आतून चाळण झालेला
आणि मी इतकी वर्षं लाट शोधत होते.

आता रायबंदरला राहते,
पोदेराच्या भट्टीवर एक खोली.
पहिल्या आठवड्यात हातातून ताट निसटलं,
फरशीवर गरगरत राहिलं, कितीतरी वेळ,
आणि मी भिंतीला चिकटून
एका उसाशाची वाट पाहत उभी.
खालून पावाचा वास तेवढा आला.
मग मी ते ताट उचललं
आणि मुद्दाम पाडलं.

लोक विचारतात, एवढा शांत माणूस?
दाखवायला माझ्याकडे वळ नाही.
फेरीबोटीत कोणाचा धक्का मला लागला
तर सॉरी अजून मीच म्हणते.
परवा खुर्चीला म्हटलं.

काल त्याचा फोन आला.
"बरं, सगळं माझंच चुकलं. झालं समाधान?"
तोच मऊ आवाज,
आणि कानाच्या तळाशी
खळखळ न करता आत शिरणारं पाणी.
मी म्हटलं, "ठेवते."
पुढचा शब्द जिभेवर आला होता.
गिळला.

मी सातवीत असताना आमचा बांध फुटला होता.
बाबा शेतात पावसाचं पाणी कोंडायचे, सोडायचे,
पुन्हा कोंडायचे. पेरायचे काहीच नाहीत.
लोक म्हणत, म्हाताऱ्याला चिखलाचं वेड लागलं.
दोन पावसाळे असेच गेले.
अधूनमधून चिमूटभर माती जिभेवर ठेवून थुंकायचे.
मी विचारायची, झाली गोड?
"ना गो.
पूण गेल्या वर्साइतकी खारी न्हय."

या महिन्यात ठिपके नऊ.
खुर्चीचा धरून.