एक्केचाळीस नंबरचा शिक्का

टोकियोत कुणीतरी हरलं, तेव्हा मनाउसला
दुपारची पाळी नुकती लागली होती.
जुसेलियाच्या हातात कथिलाची तार, डोळ्याला भिंग.
सुपरवायझर सोआरेस सांगत आला,
कंपनी म्हणे यापुढे यंत्रं बनवणार नाही.
तिकडे.
आणि इकडे?
इकडे आज साडेतीनशे पुरी करायचीत.

तिनं पुढचं सर्किट ओढलं.

तिला ठाऊक होतं ते एवढंच
की पोरांच्या अंगठ्यांसाठी कंपन्यांची जुंपलीय.
एकीनं भाव पाडला की दुसरी तोट्यात विकते,
यंत्र फुकापासरी, खेळ सोन्याच्या मोलाचा.
आठावर सोळा, सोळावर बत्तीस,
दर पाच वर्षांनी नवी विटी नवं राज्य,
कालचा भिडू माळ्यावर.
मग टेपरेकॉर्डर विकणारी एक आली,
तिला कुणी खेळात धरलंच नव्हतं,
तिनं सगळ्यांवर राज्य आणलं.

पण नदीला बातमी उशिरा कळते.
शुक्रवारी धक्क्यावरून बोट सुटायची,
टांगलेल्या झोळ्यांखाली, कोंबड्या नि गॅसच्या टाक्यांमध्ये
जुसेलियाच्या हातची खोकी, हप्त्यांवर घेतलेली.
आधी काळं पाणी, मग दिवसचे दिवस तपकिरी.
तेफेच्या पलीकडच्या एका गावात
जनरेटर रात्री नऊपर्यंत चाले.
नवाला दोन मिनिटं असताना पोरं
शेवटच्या राक्षसाच्या दारात पोचत.
रोज पोचत.
रोज अंधार.
आपलं यंत्र हरलंय हे त्यांना
कुणी सांगितलंच नाही,
म्हणून ते आणखी दहा वर्षं जिंकत राहिलं.

भाची तायनारा आता साओ पाउलोत खेळ बनवते,
सहा जणांत एक खोली, एक कॉफीचं भांडं,
आणि दाराशी बसलेल्या प्रत्येक कंपनीला
शंभरातले तीस.
रविवारी फोनवर सांगते,
मावशी, हलकं दाबलं तर गाडी हळू, दाबून धरलं तर सुसाट,
ते बटण आज सगळ्यांकडे आहे, सुचलं हरलेल्यांना.
फोनची तार डब्यातच बसवून दिली, तीही त्यांनीच.
लवकर आले बिचारे. जिंकणारा काय करतो,
थांबतो, बघतो, उचलतो.
आणि आता तर डबाच नको म्हणतात.
खेळ आभाळातून उतरणार, महिन्याचं भाडं भरलं की.

मग भांडण कशावरून?
लोकांच्या संध्याकाळींवरून, मावशी.
आणि भाडं थकलं तर?

पलीकडे कुणीतरी कॉफी ओतत होतं.

गेल्या महिन्यात अदाउतो नावाचा माणूस
प्लास्टिकच्या पिशवीत यंत्र घेऊन आला,
तिच्या ओसरीवर, जिथं ती आता
पंखे, मिक्सर, काय येईल ते दुरुस्त करते.
स्क्रू गंजलेले. आत मुंग्यांचं वारूळ, अंड्यांसकट.
तिनं बारक्या ब्रशनं त्यांना बाहेरची वाट दाखवली
आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दिसला
जांभळा, फिकट, एक्केचाळीस.
तपासणीचा शिक्का.
कुणाचा ते ती बोलली नाही.
अंगठ्यानं पुसून पाहिला, गेला नाही.

दोन कपॅसिटर बदलले. पडद्यावर
त्या कंपनीचं नाव उजळलं, निळं,
जणू काही घडलंच नाही.

अदाउतो उभाच. कानशिलं पांढरी झालेली.
म्हणाला, आमच्याकडे नऊला वीज जायची,
शेवटचा राक्षस काही मी कधी पाहिला नाही.

जुसेलियानं स्टूल पुढे ढकललं.
हजारो जोडली, पण तिनं कधी
एकही खेळली नव्हती.
बस, म्हणाली,
मीसुद्धा नाही पाहिला.