चारशे नव्याण्णव

घेंटच्या उत्तरेला, कालव्याच्या अंगानं
जुनी ताग-गिरणी उतरवतायत.
पाडतायत नाही, उतरवतायत,
गोडेलीव्हचा या शब्दावर कटाक्ष.

खोक्यावर बसते. मांडीवर गोणपाट,
गोणपाटावर वीट.
हातोडीचा एकच हलका ठोका,
की चुना सुटतो,
भाजल्या शेंगदाण्याचं साल सुटावं तसा.
आमच्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं;
इथं कुणीतरी इमानानं लावला होता.
शंभर वर्षं धरून राहिला,
सोड म्हटल्यावर सोडलं त्यानं.

पलीकडची भिंत नंतरची. सिमेंटातली.
तिथं वीट फुटते,
सिमेंट सोडत नाही.
ती सगळी क्रशरमध्ये, रस्त्याखालची खडी व्हायला.
गोडेलीव्ह तिकडे पाठ करून बसते.

मार्टेन इंजिनिअर टॅब घेऊन येतो.
एक नवी वीट भाजायला किती गॅस,
किती धूर, आकडे नीट मांडलेले.
ती ऐकून घेते. मग म्हणते,
माझी आई नऊ वर्षांची असताना
बोमच्या भट्टीवर ओल्या विटा उलटायची, अनवाणी.
आग एकदा लावून झालीय, मार्टेन.
आहे ती अजून हिच्यात.

मग याच गिरणीच्या विटांचं पाळणाघर
चुन्यातच बांधायचं ना?
तो म्हणतो, चुना वाळायला वेळ घेतो,
थंडीत तर फारच, आणि उद्घाटन मार्चमध्ये.
मग मे मध्ये करा, ती म्हणते.
मार्टेन टॅबकडे बघतो.
टॅबमध्ये मे नाही.

दुपारी येमानेला एक वीट सापडली,
कडेला चार बोटांचे खळगे.
लहान बोटं. ओली असताना कुणी उचललेली.
त्यानं आपली बोटं लावून पाहिली, मावली नाहीत.
ठेवून घ्यायची का?
नाही, गोडेलीव्ह म्हणाली,
वीट भिंतीसाठी असते. रच.
त्यानं रचली.

पॅलेटवर पाचशे, असा हिशेब.
संध्याकाळी ट्रकवाल्यानं दोनदा मोजलं,
पावतीवर लिहिलं: चारशे नव्याण्णव.
बसथांब्यावर येमानेची पिशवी
एका खांद्याकडे ओढलेली.
गोडेलीव्हनं पाहिलं,
आणि बसचं वेळापत्रक वाचत राहिली,
जे तिला तोंडपाठ आहे.

खोलीतला हीटर तो लावत नाही,
बिल घरमालकीण दारावरच चिकटवते.
कॉफी उतरवली, शेगडी बंद केली,
तापल्या तव्यावर वीट ठेवली.
मग जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून
पांघरुणात पायाशी.

आई सांगायची, केरेनला असताना,
दगड दिवसभराचं ऊन विसरत नाही.
ही तर वीट.
अंधारात टाचेला लागले
ते चार खळगे,
कोमट.